मोहिनीचा नाच, भस्मासुराचे नाव

सिंधुदुर्गात कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि नाक्यानाक्यावर दशावतारी नाटकांचे फलक लागतात. कंपनीचे नाव, देवळाचे नाव, आख्यानाचे नाव आणि रात्रीची वेळ एवढे त्यांवर असतेच. त्याखेरीज आता बऱ्याच फलकांवर ठळक अक्षरांत आणखी एक शब्द दिसतो : ‘ट्रिकसीनयुक्त’. म्हणजे आज रात्री देव वरून उतरणार, धडावेगळे झालेले मुंडके बोलणार, धुराच्या लोटातून कोणीतरी प्रकट होणार. मालवणपासून दोडामार्गापर्यंत माणसे थंडीत पांघरूण घेऊन, पुड्यातले खाजे खात हे पाहायला पहाटेपर्यंत बसतात. या मंडळींना कोणी ‘फँटसीचे चाहते’ म्हणत नाही. माझ्या मते मात्र मराठीतल्या अद्भुताचा सर्वांत जाणता प्रेक्षक हाच आहे, आणि या पुस्तकाचा विचार त्याच्या शेजारी बसूनच सुरू करायला हवा.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांत संगीत, नृत्य, चित्र आणि नाट्य या कलांचे काम काय, हा या पुस्तकाचा विषय. विज्ञानकथा म्हटली की आपण आधी कल्पना विचारतो : कृष्णविवर, कालप्रवास, परग्रहावरचे जीव, विचार करणारे यंत्र. अद्भुतकथा म्हटली की राक्षस, वर, शाप, मायानगरी. गाणे, नाच, चित्र यांना या यादीत जागा मिळालीच तर शेवटी, चवीपुरती. मला हे पटत नाही. अशक्य गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात खरी करण्याचे निम्मे काम कला करते. ज्या कथा टिकतात त्यांत तर ती कथेची कळ असते. ती काढून घेतली की कथा पुढे सरकतच नाही. ही गोष्ट या किनाऱ्यावर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मराठी विज्ञानकथेने मात्र तिच्याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही, एवढेच मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

भस्मासुराची गोष्ट घ्या. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन त्याचे भस्म व्हावे, असा वर तो शंकराकडून मिळवतो आणि पहिला प्रयोग वर देणाऱ्यावरच करायला निघतो. अणुबाँबपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत कशाविषयीही बोलताना आपल्या तोंडी भस्मासूर येतो. शक्ती हाती आली पण आवर हाती आला नाही, ही अवस्था आपल्या चांगल्या परिचयाची आहे. पण गोष्ट संपते कशी, हे आपण क्वचितच आठवतो. भस्मासुराला शस्त्राने कोणी मारत नाही. दुसरा मोठा वर घेऊनही कोणी येत नाही. विष्णू मोहिनी होतो आणि नाचतो. मी करीन तसे करून दाखव, एवढीच तिची अट. तो तिच्या प्रत्येक हालचालीची नक्कल करत जातो. नाचता नाचता ती स्वतःच्या डोक्यावर हात ठेवते, तोही ठेवतो, आणि वर आपोआप फळाला येतो. संहारक शक्तीतली जी खोट होती, तीच नृत्याने तिच्यावर उलटवली. कुठल्याही भाषेतल्या विज्ञानकथाकाराला हेवा वाटावा असा हा उलगडा आहे. यातून नाच वगळा, शंकर आजही पळतोच आहे.

हा प्रसंग दशावतारात कसा उभा राहतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. रंगमंचावर एक बाकडे आणि मागे पडदा. बाजूला पायपेटीवाला, मृदंगवाला आणि झांजवाला. लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात, कथेचा सांगाडा आपसांत बोलून घेतला जातो आणि संवाद रंगमंचावरच तयार होतात. त्यामुळे पुढचे वाक्य वादकांनाही ठाऊक नसते. नटाची पट्टी ओळखून पेटीवाला सूर धरतो. बोलण्यातली चढण ऐकत मृदंगवाला थाप हातात राखून ठेवतो. मोहिनी होऊन येतो तो पुरुष, स्त्रीपार्टी करणारा नट. चेहरा त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेला, लुगडेही स्वतःच नेसलेले. तो पद सुरू करतो तेव्हा लय संथ असते. भस्मासूर जड पावलांनी नक्कल करू लागतो आणि लोक हसतात. मृदंग हळूहळू लय वाढवतो. राक्षसाचे पाऊल ठेक्यात पडू लागते, हात मोहिनीच्या हाताबरोबर वळू लागतो, तसे हसणे कमी होते. शेवटच्या आवर्तनात मोहिनीचा तळवा डोक्याकडे जातो आणि झांज एकदम थांबते. पुढे काय होणार हे पुढच्या रांगेतल्या पोरांनाही पाठ असते, तरी त्या क्षणी कोणाची चुळबुळ होत नाही. धूर आणि प्रकाशाचा ट्रिकसीन येतो तो यानंतर. तो असला तर रंगत वाढते. नसला तरी भस्मासूर भस्म झालेला असतोच, कारण ते काम लयीने आधीच उरकलेले असते.

अशक्याला खरेपणा कसा येतो, याचे उत्तर मला इथे सापडते. डोळ्यांना दाखवलेली करामत दुसऱ्यांदा पाहिली की उघडी पडते. कानाने आणि अंगाने स्वीकारलेली गोष्ट शंभराव्यांदाही तशीच लागू पडते. दशावतारात पात्राने बाकड्याभोवती एक फेरी मारली की अरण्य ओलांडले जाते. त्या फेरीला मृदंगाची साथ आहे म्हणून कोणी अंतर मोजत बसत नाही.

दशावताराकडून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट त्याच्या सुरुवातीलाच आहे. मुख्य आख्यानाआधी आडदशावतार होतो. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, आणि मग वेद पळवणारा संकासूर येतो. काळा वेश, बाहेर लोंबणारी लाल जीभ. देव शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात. संकासूर मालवणीत बोलतो. जो परका, जो शत्रू, तोच प्रेक्षकांची घरातली भाषा बोलतो, त्यांच्या गावच्या गोष्टी काढतो, त्यांना हसवतो. पाश्चात्य चित्रपटांनी परक्याला आवाज दिला तो नेमका उलट्या विचाराने. १९५१च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’साठी बर्नार्ड हरमन यांनी थेरेमिन हे हात न लावता वाजणारे विद्युत वाद्य वापरले. १९५६च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ला लुई आणि बेबे बॅरन या दांपत्याने संपूर्ण इलेक्ट्रॉनिक ध्वनींचे पार्श्वसंगीत दिले. तेव्हापासून परग्रह म्हटला की तो कापरा, अधांतरी आवाज असे समीकरण होऊन बसले. अनोळखी गोष्टीला अनोळखी आवाज द्यायचा की ओळखीचा, हा निव्वळ तंत्राचा प्रश्न नव्हे. परक्याविषयी आपल्याला भीती वाटावी की त्याच्यात आपलेच काही दिसावे, हे त्यावर ठरते. संकासुराने या प्रश्नाचे आपले उत्तर कधीच देऊन ठेवले आहे.

आता मराठी विज्ञानकथेकडे वळू. तिचे वय शंभराहून अधिक आहे. १९००मध्ये ‘केरळकोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचे ‘चंद्रलोकची सफर’ हे रूपांतर येऊ लागले. १९११मध्ये श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा प्रसिद्ध झाली. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, नारायण धारपांनी भय, गूढ आणि विज्ञान यांच्या सीमेवर अखंड लेखन केले, अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अशा साहित्याला हक्काचे घर दिले. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर हाती लागतात. पुढे लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हे दालन भरून टाकले. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा मराठी साहित्याच्या मुख्य मांडवात विज्ञानकथेचा मानाने प्रवेश झाला. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांचे ऋण मोठे आहे आणि पुढचे जे म्हणायचे आहे ते त्या ऋणाची जाण ठेवूनच.

नारळीकरांच्या पुस्तकांची नावे पाहा : ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासूर’. आधुनिक खगोलशास्त्रज्ञाला आपली कल्पना मराठी वाचकापर्यंत न्यायला यक्ष, वामन आणि भस्मासूर जवळचे वाटले, ही फार अर्थपूर्ण गोष्ट आहे. लहान म्हणून घरात घेतलेला, आणि मग तीन पावलांत सारे व्यापणारा वामन त्या कादंबरीतल्या यंत्रमानवाला शोभतोच. पुराणातल्या प्रतिमांना त्यांनी नवे काम दिले. पण या प्रतिमा गावोगावी जगल्या त्या पोथीच्या पानांवर कमी आणि गाण्या-नाचण्यात जास्त. विज्ञानकथेने पुराणातून नावे उचलली, कथेचा आराखडाही उचलला. त्यांच्याबरोबर चालत आलेले सूर, ठेका, रंग बहुतांशी जत्रेच्या मैदानातच राहिले. भस्मासूर अंतराळात गेला, मोहिनी मागे राहिली.

हे असे का झाले असावे? १९१३ या एका वर्षाकडे पाहिले तर थोडा उलगडा होतो. त्या वर्षी दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पाठोपाठ ‘मोहिनी भस्मासुर’ हा चित्रपट काढला. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी चित्रपटांत काम करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया ठरल्या त्या याच चित्रपटामुळे. त्याच वर्षी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत विद्याहरण’ रंगभूमीवर आले. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या, तिच्यासाठी शत्रूच्या घरी शिष्य होऊन गेलेला कच, त्याची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांनाच पाजण्याचा कट, आणि मग गुरूचे पोट फाडल्याशिवाय शिष्य बाहेर येत नाही, हा पेच. ज्ञानाची चोरी, मृत्यूवर मात, शोधाची किंमत : विज्ञानकथेचा सगळा ऐवज या नाटकात आहे, आणि तो पदांतून मांडला आहे. म्हणजे त्या वर्षापर्यंत अद्भुत आणि संगीत मराठीत हातात हात घालून चालत होते. विज्ञानकथा वाढली ती मात्र मासिकांच्या पानांवर, आणि पानावर गाणे वाजत नाही. तिचे लेखक प्रामुख्याने विज्ञानाच्या शिक्षणातून आले. विज्ञानाचा प्रसार हेही त्यांतल्या अनेकांचे व्रत होते. कल्पना नेमकी आणि तर्कशुद्ध हवी, या आग्रहात काही चूक नव्हती. पण परक्या ग्रहावरचे लोक बारशाला काय गातात, त्यांच्या घरांच्या भिंतींवर काय रंगवलेले असते, त्यांच्या जत्रेत रात्री कोण नाचते, हे विचारायचे राहून गेले. ज्या समाजाला गाणे नाही तो समाज वाचकाला आराखड्यासारखा वाटतो. तिथे राहावेसे वाटत नाही.

पान मुके असते ही अडचण जगभरच्या लेखकांची आहे. काहींनी तिच्यावर तोडगे काढले. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी ‘ऑल्वेज कमिंग होम’ या १९८५च्या पुस्तकात दूरच्या भविष्यातले ‘केश’ नावाचे लोक उभे केले. त्यांचे विधी, पाककृती, कविता, वाद्ये सगळे रचले; आणि तेवढ्यावर न थांबता टॉड बार्टन या संगीतकाराबरोबर केशांच्या गाण्यांची एक ध्वनिफीतच तयार करून घेतली. जे लोक अजून जन्मलेलेच नाहीत त्यांचे लोकसंगीत वाचकाला ऐकता आले. एमिली सेंट जॉन मँडेल यांची ‘स्टेशन इलेव्हन’ ही २०१४ची कादंबरी वाचताना तर मला सारखी इथली कंपनी आठवत राहिली. साथीच्या रोगाने जग रिकामे झाले आहे, वीज नाही, इंधन नाही. आणि नटांची नि वादकांची एक फिरती मंडळी उरलेल्या वस्त्यांमध्ये जाऊन नाटके करते, संगीत वाजवते. पोट भरण्यापलीकडेही माणसाला काही लागते, हे ती कादंबरी सांगते. आमच्याकडे पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जाणाऱ्या दशावतारी मंडळींनी हे पिढ्यान्‌पिढ्या करून दाखवले आहे, आणि त्यासाठी जग बुडायची वाट पाहिलेली नाही.

१९७७ हे वर्ष या विषयात विलक्षण आहे. टॉल्किन यांचे ‘सिल्मरिलियन’ त्यांच्या मृत्यूनंतर त्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्यातली सृष्टी समूहगानातून उमटते, आणि त्या गाण्यात एकाने मुद्दाम घातलेला विसंवादी सूर हाच पुढच्या साऱ्या दुःखाचा उगम ठरतो. त्याच वर्षी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ आला. त्यात माणसे आणि परग्रहवासी एकमेकांशी बोलतात ते जॉन विल्यम्स यांनी रचलेल्या पाच सुरांतून. आणि त्याच वर्षी ही कल्पना कथेतून बाहेर पडून प्रत्यक्ष अवकाशात गेली.

या शेवटच्या घटनेशी आपले नाते अगदी जवळचे आहे. २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेने व्हॉयेजर-२ आणि व्हॉयेजर-१ ही याने सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली, १२ इंच व्यासाची तांब्याची एक तबकडी आहे. कधीकाळी कोणा परक्या बुद्धिमंतांच्या हाती यान लागले तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. तीत ५५ भाषांतली अभिवादने आहेत, मराठीतलेही आहे. चित्रे आहेत, पावसाचे, पाखरांचे आवाज आहेत आणि सुमारे ९० मिनिटांचे संगीत आहे. बाख आहे, बीथोवन आहे. आणि भैरवी रागातली साडेतीन मिनिटांची एक चीज आहे. गाणाऱ्या आहेत केसरबाई केरकर.

केसरबाई गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या, १८९२चा जन्म. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ त्यांचे गुरू. त्यांच्याकडची त्यांची तालीम वर्षानुवर्षे चालली. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या अतिशय कडक होत्या, त्यामुळे त्यांचे गाणे तबकड्यांवर थोडेच उरले. त्या थोड्यातले एक गाणे रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकाच्या शिफारशीवरून अवकाशात गेले. व्हॉयेजर-१ निघाले त्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ला, केसरबाई मुंबईत निवर्तल्या. २०१२मध्ये त्या यानाने सूर्याच्या प्रभावाचा प्रदेश ओलांडला आणि २०१८मध्ये व्हॉयेजर-२नेही. तिरेखोलच्या खाडीपलीकडच्या मुलखात जन्मलेल्या बाईचा आवाज आज ताऱ्यांमधल्या प्रदेशात आहे. ही विज्ञानकथा कोणी लिहिलेली नाही, ती घडलेली आहे. आणि तिचा मुख्य ऐवज गाणे हा आहे.

त्या तबकडीविषयी एका गोष्टीचा विचार करावा. तिच्या झाकणावर ती कशी वाजवायची याच्या खुणा कोरल्या आहेत : सुई कुठे ठेवायची, किती वेगाने फिरवायची. वेग सांगायला मिनिट-सेकंद उपयोगाचे नाहीत, म्हणून हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाला लागणारा काळ हे माप धरले आहे. एवढी काळजी घेऊनही भैरवी ऐकून मैफल संपत आल्याची जी चाहूल आपल्याला लागते ती त्या परक्यांना लागेल का? सूर पोचेल, पण सुराभोवतीचे जग पोचेल का? परग्रहाच्या संगीताविषयी लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकापुढे हाच प्रश्न उलट बाजूने उभा असतो. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेली प्राचीन कातळशिल्पे आहेत. २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणच्या कातळशिल्पांबरोबर कुडोपीचेही नाव आले. त्या आकृत्यांपुढे उभे राहिल्यावर परग्रहवासी आपणच असतो : संदेश समोर आहे, कोरणाऱ्याचा हात समजतो, झाकणावरच्या खुणा मात्र हरवल्या आहेत.

चित्रांचा विषय निघाला की पिंगुळीला जावेच लागते. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. चित्रकथीत एका आख्यानाच्या सुट्या चित्रांची पोथी असते. निवेदक एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो, गातो, पात्रांच्या आवाजात बोलतो. हुडूक आणि टाळ यांची साथ असते. प्रसंग संपला की पुढचे चित्र वर येते. चित्र स्थिर, सूर हलता, आणि दोहोंच्या मध्ये ऐकणाऱ्याची कल्पना धावते. राक्षसाचे डोळे मोठे, रेषा ठसठशीत, कारण पणतीच्या उजेडात मागच्या माणसालाही ते दिसायला हवेत. आजचे चित्रकादंबरीकार आणि ॲनिमेशनवाले पटकथेआधी चित्रचौकटींची मालिका करतात. ती करताना कानात संगीत हवे, हे पिंगुळीकरांना कोणी शिकवावे लागले नाही. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या जागेत ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभे करून हा वारसा जपला. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सावंतवाडीचा गंजिफा हा पत्त्यांचा खेळ याच कुळातला. दशावतारी गंजिफ्याची १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा खेळ रामाच्या राजाने सुरू व्हायचा, रात्री कृष्णाच्या. एक संपूर्ण पुराणविश्व नियमांत बसवून हातात खेळवायचे, ही आजच्या अद्भुत पत्त्यांच्या आणि संगणकीय खेळांच्या मुळाशी असलेली कल्पना लाखेच्या रंगांत आधीच साकारली होती. ती कला विझत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेऊन राजवाड्यात पुन्हा सुरू केली, म्हणून ती आज आपल्याला दिसते.

या मातीतून शब्दाची कला आणि अद्भुत एकत्र आणणारा मोठा लेखकही उभा राहिला. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच आरती प्रभू, सिंधुदुर्गातल्या तेंडोलीचे. कवी आणि कादंबरीकार असे दोन वेगळे कप्पे त्यांच्यात नव्हते. ‘कोंडुरा’ या १९६६च्या कादंबरीचे नाव वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रकाठच्या एका जागेचे आहे. समुद्राकडून मिळालेला वर आणि त्या वराचे ओझे न पेलणारा माणूस, ही तिची कथा. भस्मासुराच्या गोष्टीचेच आतल्या बाजूने पाहिलेले रूप म्हणा. श्याम बेनेगलांनी १९७८मध्ये तिच्यावर चित्रपट केला तेव्हा घटनास्थळ आंध्रात गेले आणि वनराज भाटियांनी संगीत दिले. खानोलकरांचे अद्भुत पटते ते वाक्याच्या लयीमुळे. त्यांच्या गद्यात कवीचा कान सतत जागा आहे. तिथे संगीत वाद्यावाचून काम करते. सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या सुबोध खानोलकरांच्या ‘दशावतार’ चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला म्हातारा दशावतारी नट पाहायला महाराष्ट्रभर गर्दी झाली. देव, राक्षस, देवराई आणि खाण यांचा आजचा संघर्ष त्यात लोकांनी आपला मानला. अशा अद्भुताची भूक आजही आहे, हे त्यावरून कळावे.

आता या पुस्तकाविषयी. पुढच्या पानांत विज्ञानकथा आणि अद्भुतकथांतल्या कलांचा विचार तीन अंगांनी येईल : कथेतल्या पात्रांची आणि समाजांची कला, कथेला साथ देणारी कला, आणि कलावंत हाच ज्या कथांचा नायक आहे त्या कथा. वाचकाने प्रत्येक कथेला एक प्रश्न विचारावा, एवढी विनंती आहे : यातले गाणे, चित्र किंवा नाच काढून टाकला तर कथेचे काय बिघडते? काहीच बिघडत नसेल तर ती सजावट होती. कथाच अडून बसली तर लेखकाला मोहिनी भेटली होती असे समजावे. या एका कसोटीने कितीतरी गाजलेल्या कथा हलक्या ठरतात आणि कितीतरी विसरलेल्या वर येतात.

लेखकांना माझे सांगणे अधिक स्पष्ट आहे. समुद्राची पातळी वाढलेल्या उद्याच्या मालवणची कथा लिहा, मंगळावरच्या वसाहतीची लिहा, यंत्राच्या मनाची लिहा. पण लिहिण्यापूर्वी एखाद्या पेटीवाल्याशेजारी रात्रभर बसा. संहिता नसताना तो पुढचा सूर कसा ओळखतो ते पाहा. पिढ्यान्‌पिढ्या अंतराळात चालणाऱ्या जहाजावर कुठली कला टिकेल, कुठली बदलेल, कोण कोणाला शिकवील, याचा अभ्यास करायचा तर पेटाऱ्यातून पुढे आलेल्या या परंपरेहून चांगली शाळा मला ठाऊक नाही. ध्वनिकथा, श्राव्यपुस्तके, ॲनिमेशन ही साधने आज हाताशी आहेत. पान मुके आहे ही सबब आता पुरणार नाही. आणि हे करताना कलावंताला केवळ माहिती देणारा समजू नका. दशावतारी नटाविषयी इथे म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यार बोजा. त्याची कला घेऊन आपली कथा समृद्ध होणार असेल तर पुस्तकावर त्याचे नाव हवे आणि मानधनात त्याचा वाटा हवा. मराठी विज्ञानकथेच्या पुढच्या पिढीकडून मी ज्या संगीताची अपेक्षा करतो आहे ते वाजवणारी माणसे याच जिल्ह्यात आहेत, कामाच्या हंगामात रोज रात्री वाजवत आहेत, आणि त्यांच्याकडे जायला एस.टी. आहे.